पासाउ ते व्हिएन्ना सायकलने: स्वतःची सायकल न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी?

मुठाकाठ

नमस्कार मंडळी. पुढच्या वर्षी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही तिघं (वयं ३८, ४४ आणि ५६) डॅन्यूबच्या काठाकाठाने जर्मनीतल्या पासाउपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत सायकलने जायचं म्हणतोय. अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास दिसतंय आणि हातात सायकल चालवायचे सात दिवस आहेत. विमान मुंबईहून म्युनिकला, परतीचं व्हिएन्नाहून.

तिघांकडे हायब्रिड सायकली आहेत: डिस्क ब्रेक, ७०० बाय ३५ टायर, ३ बाय ८ गिअर. रविवारी पानशेतपर्यंत जाऊन येणं होतं, पण सामान लादून सलग काही दिवस कुणीच चालवलेली नाही. तिघांपैकी दोघं शाकाहारी, अंडं चालतं.

विचारायचं आहे ते असं: सायकल इथून न्यायची की तिथे भाड्याने घ्यायची? दिवसाचे टप्पे कसे पाडावेत? व्हिसा जर्मनीचा काढायचा ना? आणि वाटेत खाण्याचं काय?

लांबपल्ला

व्हिसाचं आधी, कारण तिथेच गाडी अडते. विमान म्युनिकला उतरतंय म्हणून जर्मनीकडे अर्ज करू नका. शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) नियम असा आहे की ज्या देशात जास्त दिवस राहणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा. पहिला प्रवेश कुठे होतो हे फक्त दिवस समसमान असतील तेव्हाच बघतात. तुमची पासाउची एक रात्र जर्मनीत आणि बाकी सगळ्या ऑस्ट्रियात, म्हणजे अर्ज ऑस्ट्रियाकडे. सायकलवाल्यांचा मुक्काम रोज बदलतो, त्यामुळे तारीख, गाव, किलोमीटर आणि मुक्कामाचं बुकिंग असा एक पानी तक्ता जोडा. रद्द करता येणारी बुकिंग असली तरी चालतात, पण एकही रात्र मोकळी दिसू देऊ नका. प्रौढांसाठी फी ९० युरो आहे, व्हिसा केंद्राचा सेवाआकार वेगळा. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. पॉलिसी घेताना ‘साहसी खेळ’ या वगळणुकीत सायकलिंग बसवलेलं नाही ना, ते बारीक अक्षरांतून वाचून घ्या. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. जूनसाठी सगळा देश एकाच वेळी रांगेत असतो, तेव्हा फेब्रुवारीपासूनच अपॉइंटमेंट बघायला लागा.

दिशा तुम्ही बरोबर निवडली आहे. त्या खोऱ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून वाहतो, म्हणजे पासाउकडून व्हिएन्नाकडे जाताना पाठीवर. नदीही त्याच दिशेला उतरते, पण तो उतार पायाला जाणवण्याइतका नाही: पासाउ सुमारे ३०० मीटर उंचीवर, व्हिएन्ना १६०च्या आसपास, आणि मध्ये सव्वातीनशे किलोमीटर. वाऱ्याचा फरक मात्र रोज जाणवेल.

आता मुख्य प्रश्न. माझं मत भाड्याच्या बाजूने आहे. पासाउमध्ये सायकल घ्यायची आणि व्हिएन्नात परत करायची अशी सोय देणारी दुकानं आहेत, कारण हा मार्गच त्यावर चालतो. सायकलीला कॅरिअर, मडगार्ड, दिवे, घंटी आणि कुलूप लावलेलं असतं. पॅनिअर (कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या सामानाच्या पिशव्या) बहुतेक ठिकाणी मिळतात, नाहीतर वेगळे सांगावे लागतात. सात दिवसांच्या प्रवासासाठी तीन खोकी मुंबईपर्यंत नेणं, तिथून विमानात चढवणं आणि म्युनिकहून रेल्वेने पासाउला नेणं, यातच जाता-येता दोन दिवस जातात. बुकिंग करताना उंची न सांगता पायाची आतली लांबी सेंटीमीटरमध्ये कळवा. पाठ भिंतीला लावून अनवाणी उभं राहायचं, पुस्तकाचा कणा दोन पायांमध्ये घट्ट वर दाबायचा आणि तिथून जमिनीपर्यंत मोजायचं. आपलं सीट आणि आपली पॅडल मात्र इथून न्या. दोन्ही मिळून किलोभर वजन होतं आणि तिसऱ्या दिवशी त्यांची किंमत कळते.

भाड्याची सायकल ताब्यात घेताना एक विचाराच: ‘र्‍युकट्रिट’ आहे का? म्हणजे पॅडल उलटं फिरवलं की ब्रेक लागतो तो प्रकार. तिकडे अशा सायकली अजूनही भरपूर आहेत. सिग्नलला थांबताना पॅडल मागे घेऊन वर आणायची आपल्याला सवय असते. तसं केलं की चाक जागच्या जागी अडतं. हा ब्रेक नसलेली सायकल मागा.

उलटे आटे

लांबपल्ला यांच्याशी अर्धा सहमत. ज्याच्या अंगाला सायकल नीट बसलेली आहे, विशेषतः पाठ किंवा गुडघा दुखण्याचा इतिहास आहे, त्याने स्वतःचीच न्यावी. भाड्याच्या ट्रेकिंग सायकली जड आणि अगदी ताठ बसायच्या असतात. ५६ वर्षांच्या सहकाऱ्याच्या बाबतीत हे आधी ठरवा. न्यायचीच असेल तर पॅकिंग असं करा.

पुण्यात कुठल्याही मोठ्या सायकलच्या दुकानात नव्या सायकलीचं रिकामं खोकं मागितलं की मिळतं. पाच थरी जाड पुठ्ठ्याचं बघून घ्या आणि त्यातल्या फोमच्या नळ्या, प्लॅस्टिकच्या टोप्याही मागून घ्या. दुकानदार त्या फेकूनच देतो. तिकीट काढल्यावर लगेच विमान कंपनीला कळवून सायकल नोंदवा. वजनाची मर्यादा बहुधा २३ किलो असते, आणि खोक्याची कमाल लांबी-रुंदी प्रत्येक कंपनीची वेगळी. पुणे-मुंबई वेगळ्या तिकिटावर विमानाने जायचा विचार असेल तर सोडा, मुंबईत खोकं घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागेल. मागची सीट पाडलेल्या इनोव्हात तीन खोकी एकावर एक आडवी बसतात, पण मग माणसांसाठी दुसरी गाडी लागते.

सुटं करण्याचा क्रम: आधी सीटपोस्टवर (सीटच्या दांड्यावर) इन्सुलेशन टेपने उंचीची खूण करा आणि मग तो काढा. मग पॅडल. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, आणि नव्वद टक्के गडबड इथेच होते. लक्षात ठेवायची युक्ती: पाना पॅडलवरून वरच्या दिशेला उभा धरा आणि दोन्ही बाजूंना मागच्या चाकाकडे दाबा. डावीकडेही तसंच, उजवीकडेही तसंच. पाना १५ मिमीचा, काही पॅडलना आतून ६ किंवा ८ मिमीची ऍलन की लागते. पुण्यातच एकदा काढून, आट्यांना ग्रीस लावून परत बसवा. पावसात दोन-तीन वर्षं चाललेल्या सायकलीचं पॅडल प्रवासाच्या आदल्या रात्री पहिल्यांदा काढायला गेलात तर ते निघणार नाही.

पुढचं चाक काढल्यावर फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याच्या) दोन टोकांमध्ये प्लॅस्टिकचा आधार बसवा. नाहीतर खोक्यावर वजन पडलं की फोर्कचे पाय आत दाबले जातात. डिस्क ब्रेक हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) असतील तर ब्रेक पॅडच्या मध्ये स्पेसर (पॅड दूर ठेवणारा प्लॅस्टिकचा तुकडा) घालायलाच हवा. तो नसताना प्रवासात लिव्हर दाबला गेला तर पिस्टन बाहेर येतात आणि पासाउला पोचल्यावर डिस्क आत शिरत नाही. स्पेसर हरवला तर पुठ्ठ्याची घडी चालते. पुढची डिस्क सहा बोल्टची असेल तर टी २५ च्या चावीने काढून कपड्यांत गुंडाळा. वाकडी झालेली डिस्क हा या प्रकारच्या प्रवासातला सगळ्यात जास्त होणारा बिघाड आहे.

मागचा डिरेलर (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ५ मिमीच्या चावीने हँगरवरून (तो ज्यावर बसतो त्या फ्रेमच्या तुकड्यावरून) सोडवून, फडक्यात गुंडाळून मागच्या त्रिकोणात आत बांधा. केबल काढायची गरज नाही. आणि आपल्या फ्रेमचा जादा हँगर पुण्यातूनच घ्या. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो, ऑस्ट्रियातल्या दुकानात भारतीय बाजारातल्या मॉडेलचा मिळेल या भरवशावर राहू नका. वीस ग्रॅमचा तुकडा आहे, पण तो वाकला की गिअर संपले.

हवा पूर्ण सोडू नका, २०-२५ पीएसआय राहू द्या म्हणजे रिमला आधार मिळतो. टायरमध्ये हवा भरायच्या सीओटूच्या नळ्या, स्प्रेचे डबे आणि कॅम्पिंगचा गॅस न्यायचा नाही. पॉवर बँक फक्त केबिनमध्ये. अवजारं सगळी खोक्यात, खिशात मल्टिटूल राहिलं तर सुरक्षा तपासणीत जातं.

सायकल महाग असेल तर निघताना मुंबई विमानतळावर कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. फ्रेम नंबर आणि बिलाची प्रत लागते. परत येताना ‘ही नवी आणली का’ हा प्रश्न तिथेच मिटतो.

डोनाउ किमी

मार्गाबद्दल लिहितो. सात दिवसांचे टप्पे असे पाडा: पासाउ ते श्लोगेन ४२, श्लोगेन ते लिंत्झ ५५, लिंत्झ ते ग्राइन ६२, ग्राइन ते मेल्क ५०, मेल्क ते क्रेम्स ३६, क्रेम्स ते टुल्न ४५, टुल्न ते व्हिएन्ना ३८. आकडे पाच-सात किलोमीटरने मागेपुढे होतील, कारण प्रत्येक ठिकाणी दोन काठ आहेत (डावा-उजवा म्हणजे नदी वाहते त्या दिशेने तोंड करून) आणि तुम्ही कुठे नदी ओलांडता त्यावर अंतर बदलतं. मेल्क-क्रेम्सचा दिवस मुद्दाम छोटा ठेवला आहे, कारण खाली लिहितो.

ऑस्ट्रियात पाट्यांवर ‘डोनाउराडवेग’ (डॅन्यूब सायकल मार्ग) हे नाव बघत जायचं. युरोपच्या लांब पल्ल्याच्या मार्गांपैकी युरोव्हेलो ६ याच वाटेने जातो. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंतचा हा मार्ग. काठावर अधूनमधून मोठ्या आकड्यांचे फलक दिसतील. ते नदीचे किलोमीटर आहेत, आणि ते मुखापासून उलटे मोजतात. पासाउला २२२६ च्या आसपास, लिंत्झला २१३५, व्हिएन्नाला १९२९. मोबाइल बंद पडला तरी आपण कुठे आहोत ते या फलकांवरून कळतं, म्हणून हे तीन आकडे लक्षात ठेवा.

पासाउला डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्या मिळतात. तिथून श्लोगेनला नदी जवळजवळ पूर्ण मागे वळते. डाव्या काठाने जात असाल तर या वळणावर मध्येच रस्ता संपतो आणि बोटीने पुढे जावं लागतं. सायकलसकट घेतात. उजव्या काठाने मार्ग सलग आहे. बोटींची वेळ बघून ठेवा, उन्हाळ्यातही त्या संध्याकाळी लवकर थांबतात, आणि पूर आला की बंद. संध्याकाळी सहाला तिथे पोचून पलीकडच्या गावात मुक्काम असेल तर पंचाईत होते. माझा सल्ला: पहिल्या दिवशी उजवा काठ धरा आणि श्लोगेनच्या वर जंगलातून दृश्याच्या कठड्यापर्यंत चालत जा. सायकल खाली कुलूप लावून ठेवायची.

लिंत्झच्या आधी ओटन्सहाइमला तारेला बांधलेली बोट आहे. इंजिनशिवाय, नदीच्या प्रवाहाच्या जोरावर ती आडवी सरकते. लिंत्झमध्ये शिरण्याआधीचा तुकडा मोठ्या रस्त्याच्या कडेने जातो. एवढाच भाग कंटाळवाणा आहे. लिंत्झनंतर पंचवीसेक किलोमीटरवर माउटहाउजेन लागतं. गावाच्या वर टेकडीवर १९३८ साली उभी केलेली नाझी छळछावणी आहे, आता ते स्मारक आहे. ती आणि तिच्या उपछावण्या मिळून किमान ९०,००० माणसं मारली गेली. चढ खडा आहे, सामानासकट चढू नका. खाली पॅनिअर ठेवायची सोय करा आणि दोन-तीन तास हातात ठेवा. घाईत बघायची जागा नाही ती. म्हणून लिंत्झ-ग्राइनच्या दिवशी सकाळी सातला निघा.

ग्राइननंतर दरी अरुंद होते. पुढे इब्स-पर्सेनबॉइगला जलविद्युत धरणाच्या भिंतीवरूनच नदी ओलांडता येते.

मेल्कपासून क्रेम्सपर्यंतचा भाग म्हणजे वाखाउ, २००० साली जागतिक वारशाच्या यादीत आलेला. दगडी बांधांच्या पायऱ्यापायऱ्यांवर द्राक्षमळे, खाली जर्दाळूच्या बागा. जर्दाळूला तिथे ‘मारिले’ म्हणतात. फळ जुलैत येतं, जूनमध्ये ताजं मिळणार नाही, पण त्याचा मुरंबा घातलेले पॅनकेक सगळीकडे असतात. इथे डावा काठ म्हणजे गावं, किल्ला, गर्दी आणि दगडी फरसबंदी. उजवा काठ म्हणजे शांतता. श्पिट्झपर्यंत उजव्या काठाने या, तिथे बोटीने डावीकडे जा आणि वाइसनकिर्शन, ड्युर्नश्टाइन करत क्रेम्स गाठा. ड्युर्नश्टाइनच्या वर जो पडका किल्ला आहे त्यात इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९२-९३ च्या हिवाळ्यात कैदेत होता. हे सगळं थांबत थांबत करायचं तर ३६ किलोमीटरलाही दिवस पुरत नाही.

क्रेम्सनंतर नदी पसरते, सपाट आणि उघडं. इथे वारा उलटा लागला तर लपायला जागा नाही. उजव्या काठावर त्स्वेन्टेनडॉर्फचं अणुवीज केंद्र दिसेल. पूर्ण बांधून झालं होतं, पण १९७८ च्या सार्वमतात लोकांनी नको म्हटल्यामुळे ते कधीच चालू झालं नाही.

पावसाचं एक. दोन-तीन दिवस जोराचा पाऊस झाला की काठाचा मार्ग आणि पुलांखालचे बोगदे पाण्याखाली जातात. ‘होखवासर’ म्हणजे पूर, ‘उमलाइटुंग’ म्हणजे वळवलेला मार्ग. हे दोन शब्द पाटीवर दिसले की पाटी सांगते तसंच जायचं. जीपीएक्स फाइल (आखून ठेवलेल्या मार्गाची) मोबाइलमध्ये काहीही दाखवत असली तरी.

मुठाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढ्या तपशिलाची अपेक्षा नव्हती. दोघं भाड्याची घेणार, ५६ वर्षांचे सहकारी स्वतःची नेणार असं आज ठरलं. त्यांच्या सायकलीला मागे कॅरिअरची वरची भोकं नाहीत, खाली ऍक्सलजवळ आहेत. सीटपोस्टला अडकवायचं कॅरिअर चालेल का? आणि एका माणसाने किती सामान घ्यावं?

स्पोक ३६

सीटपोस्टवरचं कॅरिअर नको. त्याची क्षमता दहा किलोच्या आत असते, ते डावी-उजवीकडे फिरतं आणि पॅनिअर स्पोकमध्ये जायची भीती राहते. त्याऐवजी सीटपोस्टच्या क्लॅम्पच्या जागी कॅरिअरची भोकं असलेला क्लॅम्प मिळतो तो बसवा. सीटट्यूबचा बाहेरचा व्यास व्हर्निअरने मोजून घ्या, ३१.८ आणि ३४.९ हे नेहमीचे आकार आहेत. तो न मिळाल्यास रबराचं अस्तर असलेले पी-क्लॅम्प सीटस्टेला (सीटखालून मागच्या चाकापर्यंत येणाऱ्या फ्रेमच्या दांड्यांना) लावता येतात. फ्रेम ऍल्युमिनिअम किंवा स्टीलची असेल तरच, कार्बनला अजिबात नाही. मागे डिस्क कॅलिपर सीटस्टेच्या बाहेर असेल तर डिस्कवालं कॅरिअर घ्या, त्याचे पाय बाहेरून वळसा घेतात. साध्या कॅरिअरखाली वॉशरचा ढीग घालून जागा करू नका. लांब बोल्टवर भार आला की तो मुळाशी तुटतो आणि अर्धा तुकडा फ्रेमच्या आट्यात अडकतो.

बोल्ट एम ५. निळं थ्रेडलॉक लावा आणि तरीही रोज सकाळी निघण्यापूर्वी चारही बोल्ट चावीने तपासा. दोन जादा बोल्ट जवळ ठेवा. पॅनिअर लावल्यावर क्रँक मागे आडवा ठेवून टाच बघा. टाच आणि पिशवीत दोन-तीन सेंटीमीटर जागा हवी, नसेल तर पॅनिअर मागे सरकवा.

सामान दहा-बारा किलोच्या वर जाऊ देऊ नका, कुलूप-अवजारं धरून. हॉटेलात राहणार आहात, तंबू नाही, मग जास्त लागतच नाही. चालवायचे कपडे दोन जोड, संध्याकाळचा एक, पावसाचं जाकीट, पातळ लोकरी थर. जूनमध्ये दुपारी पंचवीस-सव्वीस अंश असतं, पण पहाटे दहा-बारावर येतं. जड वस्तू पिशवीच्या तळाला आणि पुढच्या बाजूला, दोन्हीकडे वजन सारखं. मागे सगळं वजन आणि पुढे काही नाही असं झालं की उतारावर हॅण्डल थरथरतं.

आता चाक. सामान लादलेल्या सायकलीचा पहिला बिघाड म्हणजे मागच्या चाकाचा उजव्या बाजूचा स्पोक. गिअरमुळे त्या बाजूचे स्पोक उभे आणि जास्त ताणलेले असतात. कारखान्यात मशीनने बांधलेल्या चाकात ताण सारखा नसतो, सैल स्पोक प्रत्येक फेरीला ताणला-सुटला जातो आणि कोपऱ्यात तुटतो. निघण्याआधी महिनाभर चांगल्या मेकॅनिककडून नुसता आउट (चाकाची डुगडुग) काढून घेऊ नका, सगळ्या स्पोकचा ताण सारखा करून घ्या. मग तेवढंच सामान लादून शंभर किलोमीटर चालवा आणि पुन्हा एकदा तपासून घ्या. डिस्कच्या चाकात डावे-उजवे स्पोक वेगळ्या लांबीचे असतात. प्रत्येकी दोन, निपलसकट (स्पोकच्या टोकाच्या नटसकट), चेनस्टेला (साखळीला समांतर फ्रेमच्या दांड्याला) टेपने चिकटवा. उजवा बदलायचा तर कॅसेट (मागच्या गिअरच्या चकत्यांचा संच) काढावी लागते, ती अवजारं तिथल्या दुकानात असतात. स्पोकची लांबी मात्र तुमचीच लागते.

बाकी: ट्यूब दोन, पॅच, टायर लिव्हर, पंप, ८ स्पीडची क्विकलिंक (तुटलेली साखळी जोडायची कडी), ब्रेक पॅडचा एक जोड, केबल टाय. तुमच्या ट्यूबना मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर लक्षात ठेवा, तिथल्या साध्या सायकलींना पातळ प्रेस्टा किंवा आपल्या जुन्या काळ्या सायकलीसारखा डनलॉप व्हॉल्व्ह असतो. कुणाचा पंप मागून घ्यायची वेळ आली तर अडचण नको म्हणून पितळी ऍडॉप्टर खिशात असू द्या. हवा मागे ६० पीएसआय, पुढे ५०, माणसाच्या वजनानुसार पाच कमी-जास्त.

सरावासाठी सिंहगडचा चढ नको. तुम्हाला सलग बसायची सवय हवी. शनिवारी लादलेली सायकल घेऊन मुळशी, रविवारी तशीच पानशेत, असे चार आठवडे. दुसऱ्या दिवशी कुठे घासतं, हात कुठे बधिर होतो ते रविवारीच कळतं, आणि सीटचा कोन तेव्हाच सुधारा.

लांबपल्ला

भाड्याची घेणाऱ्या दोघांसाठी: तिकडे डावा लिव्हर पुढच्या चाकाचा आणि उजवा मागच्या चाकाचा असतो. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उलट. सवयीने डावा हात जोरात दाबला आणि मागच्याऐवजी पुढचं चाक अडलं की माणूस हॅण्डलवरून पुढे जातो. सायकल घेतल्यावर मोकळ्या जागेत दहा वेळा थांबून बघा. दुकानदाराला सांगून केबल बदलून घेत बसू नका, हायड्रॉलिकला ते सोपं नाही.

वाहतूक उजवीकडून. सरळ जाताना अडचण येत नाही, चूक होते ती सकाळी हॉटेलच्या दारातून बाहेर पडताना, रिकाम्या रस्त्यावर आणि बोटीतून उतरल्यावर. डावीकडे वळताना समोरची वाहनं ओलांडायची असतात, जमत नसेल तर उतरून पायी ओलांडा. आरसा डाव्या बाजूला लावा.

ऑस्ट्रियात सायकलचा गोल निळा फलक म्हणजे तो मार्ग वापरणं सक्तीचं, चौकोनी निळा म्हणजे ऐच्छिक. सायकल मार्ग संपून रस्त्याला मिळतो तिथे थांबून रस्त्यावरच्या वाहनांना आधी जाऊ द्यायचं. घंटी, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, रिफ्लेक्टर आणि एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन ब्रेक कायद्याने लागतात. स्वतःची सायकल नेणाऱ्यांनी घंटी विसरू नये, आपल्या हायब्रिडना ती बऱ्याचदा नसते. चालवताना मोबाइल हातात धरणं दंडनीय आहे. वाखाउत वाइन चाखायची असेल तर सायकल लावल्यावर चाखा, सायकलस्वारालाही रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा (०.८ प्रति हजार) आहे. आपत्कालीन क्रमांक ११२, रुग्णवाहिका १४४.

भाकरतुकडा

खाण्याचं राहिलं. रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला किराणा दुकानं बंद म्हणजे बंद, शनिवारी संध्याकाळीही सहाच्या सुमारास मिटतात. मे-जूनमध्ये ईस्टरवरून ठरणाऱ्या सुट्ट्या असतात: ईस्टरपासून ५० व्या दिवसाचा सोमवार आणि ६० व्या दिवसाचा गुरुवार. तुमच्या तारखांत त्या येतात का ते कॅलेंडरवर बघा आणि आदल्या दिवशी पाव, चीज, फळं, दही भरून ठेवा. ‘रूहेटाग’ म्हणजे खानावळीचा साप्ताहिक बंदचा दिवस. छोट्या गावात एकच गास्टहोफ (खानावळ आणि मुक्कामाची सोय) असतं आणि नेमका त्याच दिवशी रूहेटाग असतो, तेव्हा मुक्काम ठरवतानाच जेवण मिळेल का ते विचारा. गरम जेवण बऱ्याच ठिकाणी रात्री आठ-साडेआठला थांबतं. जूनमध्ये नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे वेळ लक्षात येत नाही.

शाकाहारी सांगताना ‘ओने फ्लाइश’ (मांसाशिवाय) म्हणू नका, त्यात मासे आणि सूप दोन्ही येऊ शकतात. ‘फेगेटारिश’ म्हणा, आणि सूपबद्दल वेगळं विचारा. फ्रिटाटनझुप्पे दिसायला पॅनकेकच्या पट्ट्या घातलेलं निरुपद्रवी सूप असतं, पण पाणी गोमांसाचं. ‘श्पेक’ म्हणजे डुकराचं मांस, ते सॅलडमध्ये आणि बटाट्यातही असतं. निश्चिंतपणे मागवा: केझश्पेट्झले (श्पेकशिवाय सांगून), दह्यासारख्या चक्क्याचा टॉप्फनश्ट्रूडल, वाफवलेला गोड गेर्मक्न्योडल. नळाचं पाणी सगळीकडे पिण्याचं असतं, बाटल्या विकत घेऊ नका.

इथून नेताना पेढे, बर्फी, तूप, दूध पावडर काही नको. युरोपियन संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणि मांस प्रवाशांना आणता येत नाही. शेंगदाणा चिक्की, खजूर, भाजलेले चणे न्या. दीडशे ग्रॅम चिक्की हॅण्डलच्या पिशवीत असली की दोन गावांमधली भूक निभावते.

मुठाकाठ

शेवटचा प्रश्न. स्वतःच्या सायकलीचं खोकं पासाउला टाकून दिलं, तर व्हिएन्नाहून परत येताना काय?

उलटे आटे

दोन मार्ग आहेत. पहिला, म्युनिकचं तिकीट अजून काढलं नसेल तर जाता-येता दोन्ही व्हिएन्ना करा. पहिली रात्र व्हिएन्नात, शेवटची रात्र त्याच हॉटेलात, खोकं घडी करून त्यांच्याकडे ठेवायचं (आधी इमेलवर लेखी हो घ्या). तिथून सायकल जोडून रेल्वेने लिंत्झ किंवा वेल्सला बदलून पासाउला. रेलजेट या जलद गाडीत सायकलची जागा आधी आरक्षित करावी लागते आणि जागा थोड्या असतात, छोट्या गाड्यांना फक्त सायकलचं तिकीट.

दुसरा, म्युनिकच ठेवायचं. विमानतळावरून लांड्सहूटला बदलून पासाउ. तिघांना मिळून बायर्न तिकीट (बव्हेरिया राज्यातलं दिवसभराचं रेल्वे तिकीट) पडेल, एका तिकिटावर पाच जणांपर्यंत चालतं, कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतर. जोडलेली सायकल असेल तर तिचं वेगळं तिकीट. खोकं पासाउच्या मुक्कामी रद्दीत द्या. व्हिएन्नातल्या दोन-तीन सायकल दुकानांना निघण्याआधी इमेल करून ‘या तारखेला एक रिकामं खोकं राखून ठेवाल का’ विचारा. बहुतेक जण हो म्हणतात, पण न कळवता गेलात तर त्याच सकाळी सगळी खोकी कचऱ्यात गेलेली असतात. फोमच्या नळ्या, फोर्कचा आधार आणि पॅडचा स्पेसर मात्र पॅनिअरमध्ये सात दिवस बरोबर ठेवा, दुकानात ते मिळतीलच असं नाही. पॅकिंग टेप एक पूर्ण रीळ. आणि खोकं दुकानापासून हॉटेलपर्यंत कसं नेणार ते आधी ठरवा, म्हणून हॉटेलपासून चालत जाण्याच्या अंतरावरचंच दुकान निवडा.